वहिवाटीचे रकाने

संगणक चालू असताना त्याच्या पोटात कोणती कामे चालली आहेत, कोणते काम किती मेमरी अडवून बसले आहे आणि प्रोसेसरचा वेळ नेमका कोणाकडे जातो आहे, हे दाखवणाऱ्या प्रोग्रॅमांना निरीक्षण-साधने म्हणता येईल. युनिक्स आणि तिच्या घराण्यातील ऑपरेटिंग सिस्टिमांमध्ये अशी साधने सुमारे पन्नास वर्षे वापरात असून, त्यांतील 'पीएस', 'टॉप' आणि 'फ्री' या तीन कमांड लिनक्स चालवणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांना सरावाच्या झाल्या आहेत. या साधनांचा इतिहास बहुधा त्यांत वेळोवेळी आलेल्या नव्या सोयींचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु त्यांच्या घडणीवर सोयींहून अधिक परिणाम झाला आहे तो जुन्या वापराशी मेळ राखण्याच्या जबाबदारीचा. नवी आवृत्ती आली तरी जुन्या आवृत्तीच्या भरवशावर रचलेले काम अडू नये, या गुणाला संगणकाच्या परिभाषेत मागील सुसंगतता म्हणतात, आणि ती राखायची की सोडायची हा प्रश्न मुक्तस्रोत प्रकल्पांत, म्हणजे ज्यांची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते अशा प्रकल्पांत, विशेष चुरशीचा ठरतो, कारण तेथे साधन कोण कसे वापरतो याची नोंद कोणाकडेच नसते.

शेताच्या बांधावरून लोक वर्षानुवर्षे ये-जा करत राहिले की ती वाट सातबाऱ्यावर नसली तरी वहिवाटीने हक्काची होते, आणि पुढे जमिनीच्या मालकालाही तेथे कुंपण घालणे जड जाते. निरीक्षण-साधनांच्या बाबतीत असेच घडले. ती माणसाने डोळ्यांनी वाचण्यासाठी लिहिली गेली होती. पण त्यांनी छापलेल्या ओळी आणि रकाने स्क्रिप्टा, म्हणजे कमांडांची मालिका आपोआप चालवणाऱ्या छोट्या फाइली, वाचू लागल्या. माणसाला रकाना थोडा सरकला तरी चालते, स्क्रिप्टेला चालत नाही, आणि त्यामुळे कोणीही न दिलेले वचन पाळण्याची वेळ साधनांच्या कर्त्यांवर आली.

'पीएस' ही या साधनांतील सर्वांत जुनी कमांड. बेल प्रयोगशाळेत युनिक्सची तिसरी आवृत्ती तयार झाली ते साल १९७३, आणि तेव्हापासून ही कमांड युनिक्समध्ये आहे. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला युनिक्स 'प्रोसेस' म्हणते आणि तिला एक क्रमांक देते. 'पीएस' त्या प्रोसेसांची यादी छापते. आरंभीच्या काळात ही यादी मिळवण्याची रीत फारच धसमुसळी होती. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो आपली प्रोसेस-सारणी मेमरीत कोठे ठेवतो याचा पत्ता 'पीएस' कर्नलच्याच फाइलीतून शोधत असे आणि मग मेमरीच्या त्या भागात थेट हात घालून तेथील आकडे उचलत असे. म्हणजे मालकाला न विचारता घराच्या नकाशावरून तिजोरीची जागा काढून ती उघडण्यातला हा प्रकार. कर्नलची रचना बदलली की नकाशा चुकत असे, म्हणून कर्नल नव्याने बांधला की 'पीएस'देखील नव्याने बांधावी लागे, आणि मेमरी थेट वाचण्यासाठी तिला खास अधिकारही द्यावे लागत. सुसंगततेचा प्रश्न या टप्प्यावर एका अर्थी उद्भवतच नव्हता, कारण साधन आणि कर्नल एकाच घरचे, एकाच वेळी बांधलेले, आणि मोडले तर दोन्ही बरोबरच मोडत.

'टॉप' मागाहून आली. अमेरिकेतील राइस विद्यापीठात विल्यम लेफेव्हर यांनी १९८४ मध्ये ती लिहिली, आणि तिची कल्पना त्यांना डिजिटल कंपनीच्या व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिममधील अशाच एका कमांडीवरून सुचली. 'पीएस' एका क्षणाचे चित्र काढते, तर 'टॉप' दर काही सेकंदांनी तेच चित्र पुन्हा काढून सर्वाधिक वेळ खाणाऱ्या प्रोसेसा वर आणते. तिचा वाचक मुख्यतः माणूसच राहिला, म्हणून तिच्यात पुढे झालेल्या बदलांवर फारशी भांडणे झाली नाहीत. खरी भांडणे 'पीएस'ची आणि 'फ्री'ची.

युनिक्सचे दोन फाटे फुटले तेव्हा 'पीएस'च्याही दोन बोली झाल्या. बर्कली येथील विद्यापीठात वाढलेल्या बीएसडी शाखेत कमांडीपुढे पर्यायांची अक्षरे नुसती लिहीत: 'ए' म्हणजे इतरांच्याही प्रोसेसा, 'यू' म्हणजे वापरकर्त्याच्या दृष्टीने सोयीची मांडणी आणि 'एक्स' म्हणजे कोणत्याही टर्मिनलशी न बांधलेल्या प्रोसेसा. एटी अँड टी कंपनीच्या सिस्टिम-पाच या शाखेत पर्यायांच्या आधी आडवी रेघ देत, आणि तेथे 'यू'चा अर्थ वेगळाच होता: त्याच्या पुढे ज्या वापरकर्त्याचे नाव येईल त्याच्याच प्रोसेसा दाखवायच्या. परिणाम असा की रेघेशिवाय 'एयूएक्स' लिहिले तर यंत्रावरच्या सगळ्या प्रोसेसांची यादी मिळावी, आणि रेघ देऊन तीच तीन अक्षरे लिहिली तर, 'यू'पुढचे अक्षर नाव समजले जाऊन, 'एक्स' नावाच्या वापरकर्त्याच्या प्रोसेसा मागितल्या असे ठरावे. पॉसिक्स या मानकाने, म्हणजे युनिक्सच्या सर्व शाखांना समान असा किमान व्यवहार ठरवणाऱ्या दस्तऐवजाने, रेघेची बोली प्रमाण मानली. पण लोकांच्या हाताला बीएसडीची बोली बसली होती आणि पुष्कळांच्या हाताला तिच्यापुढे एक रेघ ओढण्याचीही सवय होती, जी रेघेच्या बोलीच्या नियमांत बसत नव्हती.

लिनक्स १९९१ मध्ये जन्मले ते या दोन्ही बोलींच्या मधोमध. त्याची पहिली 'पीएस' ब्रँको लँकेस्टर यांनी लिहिली, आणि तीही कर्नलच्या मेमरीत थेट डोकावणारीच होती. प्रत्येक कर्नलबरोबर तिच्या पत्त्यांची एक वेगळी फाइल ताजी करावी लागे. यातून सुटका झाली ती 'प्रॉक' या योजनेने, आणि पुढची सारी गुंतागुंत समजण्यासाठी या योजनेचे मूळ पाहणे आवश्यक आहे. प्रत्येक प्रोसेस ही जणू एक फाइल आहे असे भासवून तिची माहिती नेहमीच्या फाइल-वाचनाने मिळू द्यावी, ही कल्पना बेल प्रयोगशाळेतील टॉम किलियन यांनी १९८४ मध्ये एका शोधनिबंधात मांडली आणि ती युनिक्सच्या आठव्या आवृत्तीत उतरली. लिनक्समध्ये ही व्यवस्था १९९२ मध्ये आली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत प्रोसेसांखेरीज मेमरी, प्रोसेसर इत्यादींची माहितीही तिच्यातून मिळू लागली. 'प्रॉक'मधील फाइली डिस्कवर कोठेच नसतात; कोणी उघडली की त्या क्षणी कर्नल तिचा मजकूर रचून देतो. एटी अँड टीच्या शाखेत ही माहिती ठरावीक आकाराच्या द्विमान सारण्यांच्या रूपात, म्हणजे यंत्रालाच वाचता येईल अशा रूपात दिली जाई. लिनक्सने ती साध्या अक्षरांत दिली.

अक्षरांत देण्याचा हा निर्णय उदार होता, आणि महागही पडला. मायकेल जॉन्सन यांनी 'पीएस' नव्याने लिहून ती 'प्रॉक'वर बेतली, तेव्हापासून 'पीएस'सह अशा साधनांच्या संचाला 'प्रॉकपीएस' हे नाव पडले, आणि साधन कर्नलपासून स्वतंत्र झाले, ही जमेची बाजू. पण अक्षरांतला मजकूर वाचायला 'पीएस'चीच गरज उरली नाही. शेल, पर्ल, पायथन यांपैकी कशातही चार ओळी लिहिणारा कोणीही कर्नलचा थेट वाचक होऊ शकला. वहिवाट एका साधनापुरती न राहता कर्नलच्या उंबरठ्यापर्यंत गेली.

त्याचा ठसा प्रत्येक प्रोसेसच्या 'स्टॅट' या फाइलीत आजही दिसतो. तिच्यात एकाच ओळीत बावन्न नोंदी एकामागून एक येतात, त्यांना नावे नाहीत, फक्त क्रम आहे. विसाव्या जागी पूर्वी कशाचा तरी आकडा असे. ती नोंद काढून टाकल्यावर क्रम बिघडू नये म्हणून तेथे शून्य छापत राहिले, आणि २.६ या कर्नलपासून ती रिकामी जागा थ्रेडांच्या, म्हणजे एका प्रोसेसच्या आत समांतर चालणाऱ्या कामांच्या, संख्येला दिली गेली. एकविसावी नोंद २.६.१७ पासून कायमची शून्य आहे. पुढे आणखी दोन जागा अशाच स्वॅपच्या, म्हणजे मेमरी अपुरी पडल्यावर डिस्कवर वापरायच्या जागेच्या, एका जुन्या मोजणीसाठी राखलेल्या असून ती मोजणी कोणी करत नाही. बाराखडीत 'ळ' न उच्चारणाऱ्यानेही त्याची जागा सोडून पुढे जावे, तसा हा प्रकार. लिनक्सचे जनक लायनस टोर्व्हाल्ड्स यांनी कर्नलच्या बदलामुळे बाहेरचे प्रोग्रॅम मोडता कामा नयेत हा नियम फार कडकपणे, प्रसंगी सहकाऱ्यांना जाहीर झापून, चालवला. त्या नियमाची ही शून्ये म्हणजे दृश्य खूण होय.

घड्याळाच्या ठोक्यांची गोष्टही याच जातीची, पण अधिक रंजक आहे. प्रोसेसने किती वेळ खाल्ला हे कर्नल सेकंदांत सांगत नाही, ठोक्यांत सांगतो, आणि एका सेकंदात किती ठोके हे यंत्रानुसार बदलत असे: इंटेलच्या संगणकांवर १००, तर डिजिटल कंपनीच्या अल्फा संगणकांवर १०२४. 'प्रॉक'मधला आकडा सेकंदांत बदलायचा तर हा दर माहीत हवा, आणि जुना कर्नल तो सांगत नसे. तेव्हा प्रॉकपीएसच्या कर्त्यांनी एक युक्ती योजली: यंत्र सुरू झाल्यापासून किती सेकंद झाले आणि तेवढ्यात एकूण किती ठोके पडले या दोन आकड्यांचा भागाकार करायचा, आणि उत्तर ९५ ते १०५ च्या दरम्यान आले तर १०० धरायचे, १०२४ च्या आसपास आले तर १०२४ धरायचे, आणि असेच पुढे. २.४ च्या कर्नलपासून प्रत्येक प्रोग्रॅमला सुरू होतानाच हा दर कळवला जाऊ लागला, तरी जुन्या कर्नलांसाठी अंदाजाची ती पट्टी संहितेत राहिली. दरम्यान इंटेलच्या संगणकांवर कर्नलने आतून १००० ठोक्यांचे घड्याळ स्वीकारले, पण बाहेर मात्र तो १०० चेच आकडे देत राहिला, कारण दर १०० धरून बसलेले प्रोग्रॅम मोडले असते. आतला काळ एक आणि सांगण्याचा काळ दुसरा, अशी ही दुहेरी घडी कर्नलने बसवली, आणि ती अजून उसवलेली नाही.

आता 'पीएस'कडे परत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अल्बर्ट कहालन यांनी तिचे पुनर्लेखन केले आणि दोन्ही बोली एकाच कमांडीत समजाव्यात अशी व्यवस्था केली. एवढ्यावर ते थांबले नाहीत. एका पर्यावरण-चलाने, म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरून कळवायच्या एका मूल्याने, 'पीएस'ला व्यक्तिमत्त्व नेमून देता येते: सन, एचपी, आयबीएम, एसजीआय, डिजिटल अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या युनिक्सवरची 'पीएस' जशी वागे तशी तिने वागावे. आणखी एका चलाचे नावच 'मला मोडकी पीएस हवी' या अर्थाचे आहे. ते ठेवले की कमांड जुन्या चुकीच्या रीतीने पर्याय वाचते. मानकाने सांगितलेला अर्थ बरोबर आणि लोकांची सवय चूक, हे कर्त्याला पुरते ठाऊक होते, आणि नावातला तो चिमटा लपवण्याचीही त्याने तसदी घेतली नाही.

रेघेसहित 'एयूएक्स'चा तिढा मात्र त्यांनी ज्या तऱ्हेने सोडवला ती सुसंगततेच्या इतिहासात लक्षात ठेवण्याजोगी आहे. मानकाप्रमाणे अर्थ लावायचा. पण यंत्रावर 'एक्स' नावाचा वापरकर्ताच नसेल, तर लिहिणाऱ्याचा हेतू बीएसडीचा होता असे मानून सगळ्या प्रोसेसांची यादी द्यायची. प्रदीर्घ काळ 'पीएस' अशा वेळी रेघ बहुधा चुकून पडली आहे अशी सूचनाही छापत असे. कमांडीच्या माहितीपत्रकात आजही बजावलेले आहे की ही सवलत जुन्या स्क्रिप्टा व सवयी बदलण्यापुरती असून तिच्यावर विसंबू नये. तात्पुरत्या म्हणून दिलेल्या सवलती जितक्या टिकतात तितक्या कायमच्या म्हणून दिलेल्या टिकत नाहीत, हा अनुभव सरकारी ठरावांप्रमाणे संगणकालाही लागू दिसतो.

'पीएस'च्या बाबतीत जुन्याचे ओझे वाहिल्याने फार तर संहिता विद्रूप झाली. छापलेली यादी खरीच राहिली. 'फ्री' या कमांडीत गोष्ट निराळी होती, आणि निरीक्षण-साधनांत सुसंगततेची किंमत इतर प्रोग्रॅमांहून वेगळी का असते हे तिच्यात सर्वांत स्वच्छ दिसते. 'फ्री' मेमरीचा जमाखर्च सांगते. तिच्या जुन्या रूपात पहिल्या ओळीत रकान्यांची नावे, दुसऱ्या ओळीत मेमरीचे आकडे, तिसऱ्या ओळीत बफर आणि कॅश वजा-अधिक करून काढलेले आकडे, आणि चौथ्या ओळीत स्वॅप, असा क्रम असे. तिसऱ्या ओळीची गरज यासाठी की लिनक्स मोकळी पडलेली मेमरी तशीच पडू देत नाही. डिस्कवरून वाचलेल्या फाइली तो तेथे साठवून ठेवतो, आणि प्रोग्रॅमला जागा हवी झाली की ती साठवण टाकून देतो. या साठवणीलाच कॅश म्हणतात. दुसऱ्या ओळीत तिची गणना वापरलेल्या मेमरीत होत असल्याने, नव्याने लिनक्सकडे आलेल्याला मेमरी जवळजवळ संपली आहे असे वाटे, आणि ही समजूत दूर करणे हे जाणत्यांचे कायमचे काम होऊन बसले होते.

या कमांडीत 'शेअर्ड' नावाचा एक रकाना होता, अनेक प्रोसेसांत वाटून घेतलेली मेमरी दाखवणारा. २.४ च्या कर्नलने ही मोजणी सोडून दिली, पण जुन्या साधनांसाठी 'प्रॉक'मधील मेमरीच्या फाइलीत ती नोंद शून्य करून ठेवली. त्याच फाइलीत जुना तक्ता आणि नव्या, नावानिशी लिहिलेल्या ओळी, अशा दोन्ही रूपांत तेच आकडे दोनदा छापले जात होते. कर्नलच्या संहितेत त्या ठिकाणी एक टिप्पणी होती की साधने अद्ययावत झाली की वरचा तक्ता यथावकाश जाईल. तो २.६ मध्ये खरोखरच गेला. 'प्रॉक'मध्ये असे क्वचितच घडते. तरीही 'फ्री'मधला 'शेअर्ड' रकाना शून्य छापत राहिला, आणि माहितीपत्रकात त्याकडे दुर्लक्ष करावे, तो कालबाह्य आहे, असे वाक्य टाकून कर्त्यांनी आपली सुटका करून घेतली.

येथेच मोजमापाच्या साधनाची वेगळी अडचण उभी राहते. लेखन-प्रोग्रॅमाने जुन्या फाइली उघडण्याची सोय ठेवली तर त्याच्या अंगावर थोडी चरबी चढते, इतकेच. मोजमापाच्या साधनाने न मोजलेल्या गोष्टीपुढे शून्य छापले तर ते एक विधान होते, आणि ते विधान खोटे असते. त्या यंत्रावर मेमरी वाटून घेतली जात होतीच; रकाना सांगत होता की मुळीच नाही. पुढे २.६.३२ च्या कर्नलने मेमरीतच राहणाऱ्या फाइलव्यवस्थेने व तत्सम वापराने व्यापलेल्या जागेची वेगळी नोंद द्यायला सुरुवात केली, आणि 'शेअर्ड' या जुन्या नावाखाली हा नवा आकडा दिसू लागला. नाव तेच, अर्थ दुसरा, आणि मधली काही वर्षे निव्वळ शून्य. एकाच रकान्याची जुनी छापील पाने शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याची काय गत होईल याचा विचार केलेला बरा.

तिसऱ्या ओळीवरही असाच काळ आला, पण तिचे खोटेपण अधिक सूक्ष्म होते. मोकळी मेमरी आणि कॅश यांची बेरीज केली की नव्या कामाला मिळू शकणारी जागा कळते, हे गणित एके काळी ठीक होते. पुढे कॅशमध्ये अशीही मेमरी मोजली जाऊ लागली जी टाकून देता येत नाही, कारण ती मेमरीतच राहणाऱ्या फाइलींची असते; आणि उलट कर्नलच्या स्वतःच्या साठवणीतला जो भाग परत मिळवता येतो तो या बेरजेत धरला जात नव्हता. म्हणून रिक व्हॅन रील यांनी ३.१४ या कर्नलात, म्हणजे मार्च २०१४ मध्ये, नव्या कामाला स्वॅपचा आधार न घेता किती मेमरी मिळू शकेल याचा कर्नलनेच केलेला अंदाज देणारी नवी नोंद घातली. अंदाजाचे सूत्र बदलायची वेळ आली तर ते एका ठिकाणी बदलावे, दहा ठिकाणच्या स्क्रिप्टांत नव्हे, हा त्यामागचा हिशेब होता.

त्याच वर्षी प्रॉकपीएसच्या ३.३.१० या आवृत्तीने 'फ्री'चे रूप पालटले. बफर व कॅश यांचा एक रकाना झाला, 'उपलब्ध' असा नवा रकाना आला, आणि तिसरी ओळ काढून टाकण्यात आली. या शेवटच्या बदलाचा परिणाम बारकाईने पाहण्यासारखा आहे. जुन्या छापात तिसऱ्या ओळीच्या आरंभीचे चिन्ह आणि शब्द मिळून दोन पदे होत, म्हणून तिसरे पद वापरलेली मेमरी आणि चौथे पद मोकळी मेमरी असे. असंख्य स्क्रिप्टा ऑक या भाषेतून तिसऱ्या ओळीतले चौथे पद उचलत आणि ते ठरावीक मर्यादेखाली गेले की धोक्याचा इशारा देत. ती ओळ निघाल्यावर स्वॅपची ओळ वर सरकून तिसरी झाली; आणि स्वॅपच्या ओळीत पहिले पद नाव, दुसरे एकूण, तिसरे वापरलेले, चौथे मोकळे. म्हणजे जुनी स्क्रिप्ट नव्या छापावर चालवली तर ती अडखळत नाही, तक्रार करत नाही, मोकळ्या मेमरीच्या जागी मोकळा स्वॅप वाचते आणि खुशाल पुढे जाते. अपघाताने जुळलेल्या या दोन पदांनी बदल मोडतोडीचा न ठेवता बेमालूम केला, आणि सुसंगतता सोडताना सर्वांत घातक बदल तोच असतो जो आवाज करत नाही. त्या आवृत्तीच्या कर्त्यांना दोष देता येईल तो इतकाच. ओळ काढण्याचा निर्णय मात्र बरोबर होता, कारण ती राहिली असती तर तिच्यावर विसंबणारे अधिक काळ चुकीच्याच आकड्यावर विसंबले असते.

ओळ काढताना मागच्या कर्नलांची मात्र सोय पाहिली गेली होती. 'उपलब्ध' हा आकडा ३.१४ पासूनचा कर्नल स्वतः देतो, २.६.२७ पर्यंतच्या मागच्या कर्नलांसाठी 'फ्री' तो स्वतः हिशेब करून काढते, आणि त्याहूनही जुन्यावर मोकळ्या मेमरीचाच आकडा तेथे ठेवते. जुन्या यंत्राला साधनाने वाऱ्यावर सोडले नाही, जुन्या वाचकाला सोडले. पुढच्या ४.० च्या मालिकेत 'वापरलेली' या रकान्याची व्याख्याही बदलली आणि एकूणमधून उपलब्ध वजा करून जे उरते ते 'वापरलेले' असे ठरले.

हे बदल ज्या प्रकल्पाने केले त्याची स्वतःची कहाणीही फाटाफुटीची आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी प्रॉकपीएसच्या दोन शाखा झाल्या, एक कहालन यांची आणि दुसरी रेड हॅट कंपनीच्या वर्तुळातली. त्यांतली पहिली टिकली आणि जिम वॉर्नर यांनी नव्याने लिहिलेली 'टॉप'ही तिच्यात आली. २००९ मधील ३.२.८ या आवृत्तीनंतर तिचे काम थंडावले. वितरणांनी, म्हणजे कर्नल आणि शेकडो प्रोग्रॅम एकत्र बांधून देणाऱ्या डेबियन, फेडोरा व ओपनसूसे यांसारख्या प्रकल्पांनी, आपापल्या दुरुस्त्या आपल्यापाशीच साठवायला सुरुवात केली होती. २०११ मध्ये या तिघांकडच्या लोकांनी ती सारी ठिगळे एकत्र करून 'प्रॉकपीएस-एनजी' हा नवा प्रकल्प सुरू केला. डेबियनचे क्रेग स्मॉल त्याच्या सांभाळकर्त्यांपैकी प्रमुख होत.

या प्रकल्पासमोरचा सर्वांत अवघड वारसा छापलेल्या रकान्यांचा नव्हता, लायब्ररीचा होता. लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅमांना सामाईकपणे वापरता यावा असा तयार संहितेचा संच. 'पीएस', 'टॉप' इत्यादींसाठी 'प्रॉक' वाचण्याचे काम एका अंतर्गत लायब्ररीत एकवटले होते, आणि ती मुळात बाहेरच्यांसाठी नव्हती, ३.२.८ च्या काळात तर तिच्या फाइलीच्या नावातच आवृत्तीचा क्रमांक गुंफलेला असे, जेणेकरून हिच्यावर विसंबू नये हे उघड व्हावे. तरीही बाहेरच्या प्रोग्रॅमांनी ती वापरली. तिच्यात प्रोसेसची सगळी माहिती एकाच मोठ्या सारणीत ठेवून ती सारणी जशीच्या तशी बाहेर दिली जाई, आणि वापरणारा प्रोग्रॅम कोणती नोंद किती अंतरावर आहे हे बांधणीच्या वेळीच पक्के करून ठेवी. कर्नलने नवी माहिती द्यायला सुरुवात केली की सारणीत नवी नोंद घालावी लागे, आणि मधे एक नोंद घातली की पुढची सर्व अंतरे सरकत. सुरुवातीच्या 'पीएस'ला कर्नलच्या मेमरीत डोकावताना जी अडचण येई, तीच अडचण 'प्रॉक'च्या अक्षरांवरून फिरून एका मजल्यावर पुन्हा उभी राहिली होती.

वॉर्नर आणि स्मॉल यांनी ही लायब्ररी दुरुस्त करण्याऐवजी सोडून दिली. अनेक वर्षे वेगळ्या शाखेत चाललेले हे काम २०२२ मध्ये ४.० या आवृत्तीने बाहेर आले. नव्या लायब्ररीत सारणी दिसतच नाही. प्रोग्रॅमने आपल्याला हव्या त्या नोंदींची नावे द्यायची आणि लायब्ररीने तेवढीच मूल्ये मागितलेल्या क्रमाने परत करायची. आत काहीही सरकले तरी बाहेरच्याला त्याचा सुगावा लागत नाही. जुन्या लायब्ररीवर बांधलेल्या प्रोग्रॅमांना मात्र कोणतीच मधली वाट ठेवली नाही. त्यांना आपली संहिता बदलावी लागली. नव्या लायब्ररीला नावही नवे, 'लिबप्रॉक-दोन', दिले गेल्याने चुकून जुन्याच्या जागी नवी जोडली जाण्याचा, म्हणजे 'फ्री'च्या तिसऱ्या ओळीसारखा बेमालूम घोटाळा होण्याचा, धोका राहिला नाही. ज्याचे मोडायचे त्याचे पहिल्याच क्षणी, मोठ्याने मोडावे, हे येथे पाळले गेले. ठोक्यांचा दर भागाकाराने ताडण्याची ती पट्टीही याच घरबदलीत मागे पडली. दर विचारण्याची सिस्टिमची प्रमाण सोय आता पुरेशी मानली जाते.

निरीक्षणाचा आणखी एक वाचक असतो, तो म्हणजे नंतरचा. सेबास्टियन गोदार यांच्या 'सिसस्टॅट' या संचातील 'सार' ही कमांड दिवसभराचे आकडे द्विमान फाइलीत साठवते, आणि त्या फाइलीची रचना अनेकदा बदलली आहे. तेथे तोडगा वेगळा निघाला: नवी 'सार' जुन्या रचनेची फाइल थेट वाचत नाही, पण ९.१.६ पासूनच्या फाइली नव्या रचनेत उतरवून देणारा वेगळा पर्याय त्याच संचात आहे. साठवलेला आकडा पुन्हा मोजता येत नाही, म्हणून तो टाकता आला नाही. चालू यंत्राचा आकडा दर सेकंदाला पुन्हा मोजता येतो, म्हणून त्याच्या रकान्यांशी अधिक बेदरकारपणे वागता आले.

बीएसडी घराण्याने, ज्याच्या बोलीतून 'एयूएक्स' आले, वेगळाच मार्ग धरला. तेथे प्रोसेसांची माहिती कर्नलला एका ठरलेल्या सिस्टिम-कॉलने विचारली जाते, 'प्रॉक'ची अक्षरे तिथल्या साधनांना लागतच नाहीत, आणि ओपनबीएसडीने तर ही फाइलव्यवस्था २०१५ मधील ५.७ या आवृत्तीत काढूनच टाकली. लिनक्सला तसे करणे आता अशक्य आहे, कारण तेथे बाहेरची साधनेही थेट 'प्रॉक' वाचतात. 'एचटॉप' या लोकप्रिय साधनाने, ब्राझीलच्या हिशाम मुहम्मद यांनी २००४ मध्ये लिहिलेल्या, प्रॉकपीएसची लायब्ररी बाजूला ठेवून थेट 'प्रॉक'च वाचायचे ठरवले होते. आणि त्या निर्णयामुळे २०१६ मध्ये २.० ही आवृत्ती येईपर्यंत फ्रीबीएसडीवर ते चालवायचे तर तेथे लिनक्सची नक्कल करणारी 'प्रॉक' आधी जोडावी लागत असे.

जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये प्रॉकपीएसची ४.० मालिका आणि नवी लायब्ररी आहे. त्यातल्या 'फ्री'मध्ये वजा-अधिकाची ओळ नाही. प्रत्येक प्रोसेसच्या 'स्टॅट' फाइलीत एकविसाव्या जागी शून्य आहे. आणि रेघ देऊन 'एयूएक्स' लिहिले तर सगळ्या प्रोसेसांची यादी पूर्वीप्रमाणेच मिळते, मात्र त्या यंत्रावर 'एक्स' नावाचे कोणी खाते उघडलेले नसले पाहिजे.